पाटीची मागची बाजू

एखाद्या दुकानाच्या जागी आधी काय होतं हे कुणाला आठवेनासं झालं, की गल्लीतले लोक पेंटरांकडे जातात. औषधांच्या दुकानाआधी तिथे सायकली भाड्याने मिळत, त्याआधी कोळशाची वखार होती, आणि वखारीच्या मालकाने ‘कोळसा’ हा शब्द पांढऱ्याशुभ्र रंगात लिहून घेतला होता, हे पेंटर न अडखळता सांगतात. पंचेचाळीसहून जास्त वर्षं गल्लीतली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची. त्यामुळे गल्लीचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे, असं लोक म्हणतात.

“पाठ असायलाच हवा,” पेंटर हल्ली म्हणतात. “पुसला कुणी?”

हे हल्लीचं झालं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते असं म्हणत नसत. तेव्हा कुणी त्यांना ‘चालता-बोलता इतिहास’ म्हटलं की ते मान खाली घालून हसत, आणि खाली घातलेली मान समोरच्याला नीट दिसतेय ना, हेही डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून घेत.

घराच्या मागच्या बाजूला त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन लांब बाकं, रंगाचे डबे आणि टर्पेंटाइनचा वास. तिथल्या एका फळीवर त्यांनी वडिलांच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. वडील शिंपी होते. गल्लीतच, चार दारं सोडून, त्यांचं दुकान होतं. पेंटर पाच वर्षांचे असताना ते गेले. मागे राहिली ती कात्री, आकडे पुसून गेलेली कापडी टेप, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपी, आणि कापडावर खुणा करायच्या खडूचा एक चपटा, साबणाच्या उरलेल्या वडीसारखा तुकडा. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर पेंटरांचं रेखीव अक्षर. खडूच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘कृपया हात लावू नये.’ घरात हात लावणारं दुसरं कुणी नव्हतंच. बायकोला त्या फळीवरची धूळ पुसायचीही बंदी होती, आणि तिने ती बंदी आनंदाने पाळली.

वर्षातून एका रविवारी सगळं गोत पेंटरांकडे जमतं. थोरली बहीण, म्हणजे ताई, तिचा मुलगा, त्याची बायकोमुलं. मधला भाऊ आता नाही, पण वहिनी येते, तिच्या मुली येतात. बाकी चुलत, मावस धरून वीस-बावीस माणसं. जेवणं झाली की पेंटर फळीवरच्या वस्तू एका ट्रेमध्ये घालून आणत आणि बोलायला उभे राहत. आधी वडील, मग दुकान, मग गल्ली. भाच्याने एकदा घड्याळ लावलं होतं. एक तास पाच मिनिटं. त्यातही कात्रीला अठरा मिनिटं. लहान मुलं एकेक करून जिन्याकडे सरकत, मोठ्यांना ती सोय नव्हती.

“लोक जेवायला येतात,” बायको म्हणायची, “आणि तुम्ही त्यांना शिक्षा केल्यासारखं बसवून ठेवता.”

भाषणाचा शेवट ठरलेला असे. “आणि सगळ्यात मोलाची वस्तू, बाबांच्या दुकानाची पाटी. बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. ती माळ्यावर आहे, कापडात गुंडाळून. जुनं लाकूड, सारखं वर-खाली करणं बरं नाही.”

हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून गेलं त्याला तीसेक वर्षं झाली होती. ताईनेच फोनवर विचारलं होतं, बाबांची पाटी तुझ्याकडेच आहे ना? खरं सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण खोलीत माणसं होती, म्हणून माळा म्हणाले. पुढच्या वर्षी माळा आपसूक आला. त्याच्या पुढच्या वर्षी कापड आलं. काही वर्षांनी ते कापडाचा रंगही सांगू लागले.

खरी गोष्ट अशी होती. चोविसाव्या वर्षी पेंटरांना स्वतःचं पहिलं काम मिळालं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एकाला पाटी हवी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी. लाकूड नव्हतं. वडिलांची पाटी भिंतीला टेकून उभी होती. सहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, सागाची सलग फळी, कुठे गाठ नाही. वस्तू वापरात राहावी, बाबांनाही चिंधी वाया गेलेली आवडत नसे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बाबांना काय आवडत नसे हे पाचव्या वर्षी त्यांना कसं कळलं होतं, हा प्रश्न त्यांना पुढे चाळीस वर्षं पडला नाही.

तीन-चार वर्षांनी छत्रीवाल्याने दुकान बंद केलं आणि पाटी परत आली. ती टायपिंगच्या क्लासला गेली. क्लास मोठ्या रस्त्यावर गेला, पाटी पुन्हा परत आली. तेव्हा गल्लीत एक तरुण दातांचा डॉक्टर आला होता. त्याला टिकाऊ लाकूड हवं होतं. ती पाटी त्याच्या दारावर चढली आणि अडतीस वर्षं तिथेच राहिली. पेंटर रोज तिच्याखालून दुधाची पिशवी घेऊन जात, आणि वर्षातून एकदा ती माळ्यावर असल्याचं सांगत. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तसं. फरक एवढाच, की हे कुंपण वर्षातून एकदा शेताच्या राखणीवर व्याख्यान देत होतं.

दोन वर्षांपूर्वी, जमायच्या रविवारला अकरा दिवस उरले असताना, ताईचा फोन आला. ताईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली. तीन मिनिटांच्या वर फोन चालला की ती स्वतःच ठेवते, मग पलीकडे कुणीही असो.

“मला ऐंशीवं लागलंय,” ती म्हणाली. “या वेळी भाषण नको, पाटी काढून ठेव. मला एकदा बघायची आहे.”

“अगं, जुनं लाकूड आहे, ताई...”

“मीही जुनीच आहे. काढून ठेव.” आणि फोन बंद.

पेंटर त्या दिवशी जेवले नाहीत. एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं एकच होतं. घरातली आणि गल्लीतली आठवण सांभाळणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखत. छापील फ्लेक्स आल्यापासून पाट्या कुणी रंगवून घेत नव्हतं. ही ओळखही गेली तर उरतो तो पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला एक म्हातारा आणि वाळलेले ब्रश. आणि ताई. वडील गेल्यावर शाळा सोडून नोकरी धरणारी, त्यांचं पहिलं ब्रशचं खोकं घेऊन देणारी ताई. तिच्याशी तीस वर्षं आपण खोटं बोललो, हे तिच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं.

म्हणून त्यांनी आधी दुसरा मार्ग धरला. खोटी पाटी करायची. गल्लीत पंचेचाळीस वर्षं रंगवतोय, बापाच्या तीन शब्दांची नक्कल करायला किती वेळ? जुन्या दाराची एक फळी त्यांनी मिळवली. निळी जमीन, पिवळी अक्षरं : ‘कपडे शिवून मिळतील’. बाजूला उघडी कात्री. वाळल्यावर चहाच्या पाण्याने पुसली, धुरावर धरली, साखळीने चार ठिकाणी ठोकली. तीन दिवस कारखान्याचं दार आतून बंद होतं. चौथ्या दिवशी बायको चहा घेऊन आत आली आणि पाटीसमोर थांबली.

“हे अक्षर तुमचं आहे,” ती म्हणाली.

“बाबांचंही असंच होतं.”

“त्यांचं एवढं चांगलं नव्हतं. लग्न झाल्यावर वर्षभर झाडताना मी ती पाटी इकडून तिकडे केली आहे. अक्षरं चढणीला लागल्यासारखी वर जायची, आणि शेवटच्या ‘मिळतील’ला जागाच उरली नव्हती. चेपून बसवलं होतं बिचाऱ्याला.”

पेंटर खाली बसले. मग हळूच म्हणाले, की ती पाटी माळ्यावर नाही.

“ठाऊक आहे,” बायको म्हणाली. “माळा मीच झाडते.”

तरी पेंटरांनी हट्ट सोडला नाही. त्यांनी वाईट अक्षर काढायचा प्रयत्न केला. डाव्या हाताने काढून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. जे उमटलं ते मुद्दाम लंगडणाऱ्या माणसासारखं दिसत होतं, पाहताक्षणी संशय यावा असं. आयुष्यभर त्यांनी हाताला वळण लावलं होतं, आणि आता गरज पडली तेव्हा वडिलांइतकं साधं, ओबडधोबड तीन शब्दांचं काम त्यांना जमेना. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी ते चपला घालून दातांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर आता सत्तरीला टेकलेत. दवाखाना मुलगी बघते, ते बसतात. पेंटरांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते कवळी बघावी तसं लक्षपूर्वक ऐकलं.

“अडतीस वर्षांत तुम्ही बाहेरच्या बाहेर दहा वेळा पाटीला हात मारलात,” ते म्हणाले, “पण आत एकदाही आला नाहीत.”

हे खरं होतं. त्या पाटीवर हसणारी दाढ पेंटरांनीच काढली होती, आणि हसणाऱ्या दाढेवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

“आणि बोलताना तो हात गालावर का आहे?”

पेंटरांनी हात खाली घेतला. दोन वर्षं दुखतेय, अधूनमधून, विशेष काही नाही, असं काहीतरी ते म्हणाले. डॉक्टरांनी मुलीला हाक मारली. अट साधी होती. उद्या सकाळी आधी दाढ, मग पाटी. आणि दार एक दिवसही उघडं राहायचं नाही, नवी पाटी लगेच हवी.

नवी पाटी एका संध्याकाळीत कुठून आणायची? लाकूड नव्हतं. भिंतीला चहाच्या पाण्याने म्हातारी केलेली खोटी पाटी टेकून उभी होती. पेंटरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. झोपायच्या आधी ‘कपडे शिवून मिळतील’वर पांढरा हात बसला होता आणि सकाळी दाढ हसत होती. पन्नास वर्षांनी कुणी ती पाटी खरवडली, तर दातांच्या दवाखान्याखाली त्याला एक शिंप्याचं दुकान सापडेल, जे त्या जागी कधीच नव्हतं. तो काय निष्कर्ष काढेल, या विचाराने पेंटर अजूनही अस्वस्थ होतात.

शनिवारी दुपारी ते घरी आले ते दाढ देऊन आणि पाटी घेऊन. गाल असा, की तोंडात लिंबू धरलंय. पाटी दोन बाकांवर आडवी टाकून त्यांनी पत्तीने खरवडायला घेतलं. पत्ती म्हणजे धार लावलेला पोलादी तुकडा. तो तिरपा धरून एकेक थर सोलायचा, खालच्या थराला धक्का न लावता. डॉक्टरांचा थर निघाला, तोवर संध्याकाळ झाली आणि इंजेक्शनचा अंमल उतरला. पेंटर जे आडवे झाले ते रविवारी माणसं यायला लागल्यावरच उठले.

जेवणं झाली. चादर घातलेली पाटी भिंतीला उभी होती. पेंटरांनी मनात एक प्रस्तावना तयार केली होती. लाकडाच्या पुनर्वापराविषयी, थोडी लांबच. पण तोंड उघडलं तर पहिलाच शब्द ओल्या कापडासारखा खाली पडला. कुणालाच काही कळलं नाही. भाचा पुढे झाला, म्हणाला, मामा, तू बस, मी काढतो, आणि त्याने चादर ओढली.

पाटीवर लिहिलं होतं : ‘टंकलेखन वर्ग. प्रवेश सुरू आहे.’

मग भाचाच म्हणाला, की अरे, हा तर माझा क्लास.

ताई खुर्चीत बसून पाटीकडे पाहत होती. ती घरात पेंटरांना अजून छोट्या म्हणते.

“छोट्या, ही बाबांची पाटी?”

पेंटरांनी होकारार्थी मान हलवली.

“बाबा टायपिंग शिकवायचे?”

जिन्यावरची मुलं आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या कार्यक्रमात काहीतरी घडत होतं.

“खाली आहे,” पेंटर एका बाजूच्या तोंडाने म्हणाले. “मीच रंगवली. तीनदा.”

“आणि माळ्यावर काय आहे?”

“काही नाही.”

“जुन्या चादरी आहेत,” बायको म्हणाली.

ताईने पाटीवरून नजर पेंटरांकडे वळवली. एक्स्चेंजमध्ये लोक तिच्याशी दिवसभर खोटं बोलत, साहेब जागेवर नाहीत म्हणून सांग म्हणत. खोट्याचं तिला नवल नव्हतं. पण हे खोटं तिच्यासाठी होतं, आणि ते पेंटरांना तिच्या तोंडावर दिसलं. रागावली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“खरवड,” ती म्हणाली. “मी बसले आहे.”

बाकं आत आणली. पाटी आडवी झाली. पेंटरांनी पत्ती धरली आणि सगळं गोत भोवती उभं राहिलं. टायपिंगचा क्लास सोलून निघेपर्यंत भाचा बोलत होता. तिथल्या सरांनी मशीनवर बोटं दिसू नयेत म्हणून मुलांच्या हातांवर पुठ्ठ्याचं खोकं घातलेलं असायचं, आणि त्या खोक्याखाली तो शेजारच्या मुलीचा हात धरायला जाऊन एकदा सरांचाच धरून बसला. ही हकीकत त्याच्या बायकोलाही नवीन होती. पेंटरांना त्या क्लासची पाटी कुठल्या साली रंगवली ते माहीत होतं. खोकं माहीत नव्हतं.

त्याखाली छत्रीवाला निघाला. लाल जमिनीवर काळी छत्री. वहिनी पुढे वाकून पाहू लागली आणि हसायला लागली.

“माझी छत्री या माणसाकडे नऊ वेळा दुरुस्तीला होती,” ती म्हणाली. “मोडली एकदाच होती.”

मुलींनी विचारलं, मग बाकीच्या आठ वेळा? वहिनी म्हणाली, समोर तुमचे बाबा उभे असायचे. आठ वेळा आम्ही दोघं मिळून तिची तार वाकवली.

पेंटरांची पत्ती थांबली. भाषणात मधल्या भावाच्या लग्नाला त्यांनी सात मिनिटं ठेवली होती. लग्न मामांनी जुळवलं, आणि त्याआधी दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं, असं ते वीस वर्षं सांगत आले होते. वहिनी दर वर्षी समोर बसून ऐकायची.

“मग बोलली का नाहीस?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“मध्ये जागा कुठे असते?” वहिनी म्हणाली.

सगळे हसले. पेंटरही हसायला गेले, पण दाढेच्या जागी कळ आली.

शेवटचा थर हाताला आला तेव्हा चहाची वेळ झाली होती. वडिलांची अक्षरं पूर्ण निघाली नाहीत. निघणार नव्हतीच. नवा रंग देण्याआधी जुना काचपेपरने घासून घ्यायचा, हा नियम पेंटरांनी पहिल्या कामापासून पाळला होता. कुठे काना उरला होता, कुठे वेलांटी. ‘शिवून’ वाचता येत होतं. कात्रीचं एक पातं होतं. पण अक्षरं वर चढत होती, आणि उजवीकडच्या टोकाला ‘मिळतील’ चेपून बसला होता. बायकोने पेंटरांकडे पाहिलं. बोलली नाही, हे तिचे उपकार.

ताईने ‘शिवून’वरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, “हं. आता उलटी कर.”

“मागे काही नाही, ताई.”

“उलटी कर.”

भाच्याने पाटी उलटली. मागची बाजू गुळगुळीत, तांबडी, एकसारखी होती. पेंटरांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. निदान इथे तरी दाखवण्यासारखं काम होतं. बाकीचे रंगारी फक्त समोरची बाजू रंगवतात. आपण लाकूड कुजू नये म्हणून मागेही तांबडा हात देतो, हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. तेच त्यांनी तुटक शब्दांत ताईला सांगितलं.

ताई वाकून पाटीच्या कडा चाचपत होती. आधी एक बाजू, मग दुसरी.

“इथे खाचा होत्या,” ती म्हणाली. “कुठे गेल्या?”

तेव्हा पेंटरांना आठवलं. फळीच्या दोन्ही कडांना कुणीतरी चाकूने कोरलेलं होतं. त्या पहिल्या रात्री, कामाच्या पहिल्या उत्साहात, त्यांनी एकेक खाच लांबी भरून बुजवली होती. लांबी म्हणजे भोकं बुजवायचा लगदा. भरली, वाळवली, घासली, पुन्हा भरली. बोट फिरवलं तर लागू नये, इतकी. कुण्या गाढवाने एवढ्या चांगल्या फळीची ही दशा केली, असंही ते तेव्हा बायकोला म्हणाले होते.

ते गाढव म्हणजे बाबा, हे ताईने सांगितलं. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी, गणवेशाची गर्दी लागण्यापूर्वी, ते पाटी उतरवून धूत आणि रंग उडालेली अक्षरं पुन्हा गिरवत. ती वाळली की पाटी भिंतीला उभी करून पोरांना तिला टेकवत आणि डोक्याशी खाच पाडत. डाव्या कडेला ताई, उजव्या कडेला मधला. शिंपी माणूस, माप घेतल्याशिवाय त्याला कुणी वाढलेलं पटत नसे.

पेंटरांनी टोचा मागवला. पाटी भिंतीला उभी केली, स्वतः खाली मांडी घालून बसले आणि लांबी उकरू लागले. सत्तेचाळीस वर्षांची लांबी होती आणि चांगल्या कारागिराने भरलेली होती. सहजासहजी निघेना. आयुष्यात आपलं काम इतकं पक्कं असल्याचा त्यांना कधी राग आला नव्हता. डावीकडे आठ खाचा निघाल्या. उजवीकडे सहा. वहिनीने सहावीवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं.

पेंटर मग पाटीच्या दोन्ही कडा पुन्हा चाचपू लागले. वर, खाली, परत वर.

“काय शोधतोस?” ताईने विचारलं.

“माझी.”

“तुझी खाच नाही.”

ते सरळ झाले. ताईचा आवाज कोरडाच होता, एक्स्चेंजमधल्यासारखा.

“तू उभा राहायचास कुठे? टेकवलं की खाली बसायचास. दोघांनी धरलं तरी. शेवटी तू झोपलास तेव्हा बाबांनी पाटी जमिनीवर उलटी ठेवली, तुला वर निजवलं आणि खडूने खूण केली. मधोमध. डोक्याशी एक रेघ, पायाशी एक. म्हणाले, पुढच्या वर्षी नीट उभा राहील, तेव्हा खाच पाडू. पुढच्या वर्षी ते नव्हते. खडू राहिला. माझ्या लग्नापर्यंत मी तो बघत होते. तोच बघायचा होता मला.”

पेंटर त्या गुळगुळीत तांबड्या बाजूकडे पाहत राहिले. रंगाआधी पृष्ठभाग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्यायचा, हाही नियमच. त्या रात्रीही त्यांनी पुसला असणार. पांढऱ्या रेघा दिसल्या होत्या का, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. कोळशाच्या वखारीची पाटी आठवत होती, सायकलवाल्याची आठवत होती.

“मला कुणी सांगितलं का नाही?” ते म्हणाले.

“सांगणारा तू,” ताई म्हणाली. “तुला कोण सांगणार?”

पेंटरांनी खिशातला रुमाल काढला, गालाला लावला, म्हणजे गालासाठीच काढला होता असं दिसावं.

ताईने खुर्चीतूनच हात लांब केला आणि ट्रेमधला खडू उचलला. दोरा ओढून चिठ्ठी काढून टाकली. पेंटर अर्धवट उठले, कारण तो तुकडा इतक्या वर्षांत त्यांच्याशिवाय कुणी हाताळला नव्हता. ताईने तो भाच्याच्या हातात दिला.

“पाटी खाली ठेव,” ती म्हणाली. “छोट्या, झोप.”

“ताई, मी आता उभा राहू शकतो.”

“बघितलंय मी, किती उभा राहतोस ते. झोप.”

एकाहत्तर वर्षांचे पेंटर बावीस माणसांसमोर सव्वा फुटी फळीवर उताणे झाले. खांदे दोन्ही बाजूंनी बाहेर येत होते. पाय सरळ करा, बायको म्हणाली. हलू नकोस, मामा, भाचा म्हणाला. डोक्यापाशी खडू घासल्याचा आवाज झाला, मग टाचांपाशी. कुणीतरी टेप लावली आणि सांगितलं, की लग्नातल्या फोटोत बायकोपेक्षा उंच दिसणारे पेंटर आता तिच्यापेक्षा बोटभर कमी भरतात. बायको म्हणाली, फोटोत ते विटेवर उभे होते. ही आणखी एक गोष्ट, जी भाषणात नव्हती.

“खडू राहणार नाही,” पेंटर जमिनीवरून म्हणाले. दाढ ठणकत होती, पण हे सांगणं भाग होतं. “पुसला जातो. आधी पातळ वॉर्निशचा एक हात...”

“तू हात लावायचा नाहीस,” ताई म्हणाली. “पाटी माझ्याकडे येणार. तू बघायला ये.”

भाचा गाडी दाराशी आणायला गेला. बाकीचे चहाकडे वळले आणि खोक्याबद्दल, छत्रीबद्दल, विटेबद्दल सगळे एकदम बोलू लागले. पेंटरांना उठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते तसेच पडून छताकडे पाहत होते. कोपऱ्यात पोपडे सुटले होते. एक हात द्यायला हवा, त्यांच्या मनात आलं, आणि मग, या खेपेला, आधी खाली काय आहे ते बघायला हवं.